मार बसण्याच्या भीतीवर काम करणारा बॉक्सिंग वर्ग : एक अभिप्राय

प्रौढ वयात बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या बहुतेकांना आपला ठोसा कमजोर पडेल याची फारशी काळजी नसते. समोरच्याचा ठोसा तोंडावर येईल तेव्हा आपले काय होईल, ही धास्ती मात्र जवळजवळ प्रत्येकाला असते. मी ज्या प्राथमिक वर्गात शिकलो त्याचे मूल्यमापन मी याच एका कसोटीवर करणार आहे. बॅगवर ठोसे मारायला लावून घाम काढणारे वर्ग पुष्कळ आहेत. परंतु मार बसण्याची भीती हा शिकवण्याचाच एक विषय आहे असे मानून तिच्यावर पायरीपायरीने काम करणारा वर्ग माझ्या पाहण्यात हा एवढाच आला.

सुरुवातीला उभे राहण्याची पद्धत, पायांची हालचाल, हनुवटी छातीकडे ठेवणे आणि हात गालांजवळ आणून गार्ड धरणे एवढेच शिकवले जाते. हा भाग नेटका आहे, पण तो कुठल्याही चांगल्या वर्गात मिळेल. वेगळेपण त्यानंतर सुरू होते. जोडीने सराव करण्याआधी प्रशिक्षकांनी सर्वांना एकत्र बसवून समजावले, की चेहऱ्याच्या दिशेने वेगाने काही आले की पापण्या मिटणे, मान मागे जाणे आणि खांदे आखडणे ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, तिचा धैर्याशी काहीही संबंध नाही आणि नुसत्या निश्चयाने ती थांबत नाही. मग या प्रतिक्रियेमुळे होणारे नुकसान त्यांनी एकेक करून दाखवले. डोळे मिटले की पुढचा ठोसा दिसत नाही, आणि न दिसलेला ठोसाच सर्वांत वाईट बसतो, कारण त्यासाठी मान आणि जबडा तयार नसतात. तोंड फिरवले की कान आणि डोक्याची मागची बाजू उघडी पडते. हनुवटी वर करून मागे झुकले की तोल जातो, आणि सरळ रेषेत मागे गेले की समोरच्याला पाठोपाठ येणे सोपे होते. भीतीपोटी आपण जे जे करतो त्याने मार वाढतोच, हे असे डोळ्यांसमोर मांडल्यावर शिकणाऱ्याची लाज पुष्कळ कमी होते आणि लक्ष कामाकडे वळते.

पहिला सराव इतका सौम्य होता, की बाहेरून पाहणाऱ्याला तो खेळ वाटावा. एकाने दोन्ही ग्लोव्ह कपाळाशी धरून स्थिर उभे राहायचे आणि दुसऱ्याने, आधी सांगून, संथ गतीने त्या ग्लोव्हवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टेकवायचा. उभ्या असलेल्याने काहीही चुकवायचे नाही. डोळे उघडे ठेवायचे, श्वास सोडायचा आणि ठोसा उजव्या ग्लोव्हवर बसला की डाव्या, एवढेच सांगायचे. कोणता हात येणार, कुठे येणार, केव्हा येणार आणि किती वेगाने येणार, हे चारही ठाऊक असते. पापण्यांची फडफड कमी झाली की यातली एकच गोष्ट अनिश्चित केली जाते: प्रथम वेळ, मग जागा, मग हात, आणि सर्वांत शेवटी वेग. एका वेळी एकच अनिश्चितता वाढवण्याचा हा नियम मला या संपूर्ण अभ्यासक्रमाचे मर्म वाटतो. भीतीचा मोठा वाटा वेदनेतून येत नाही, तो अनपेक्षितपणातून येतो, हे या सरावातून शरीरालाच कळते आणि त्यासाठी कोणाला भाषण द्यावे लागत नाही.

यानंतर एकमेकांच्या खांद्याला हलकेच हात लावण्याचा सराव येतो. त्यात चेहरा सुरक्षित असल्यामुळे लोक मोकळेपणाने हालचाल करू लागतात, अंतराचा अंदाज येतो आणि समोरच्याच्या हातापेक्षा त्याच्या छातीकडे पाहिले तर ठोशाची चाहूल आधी लागते हे ध्यानात येते. पोटावरच्या ठोशांचा सराव मात्र अनेकांना नकोसा वाटतो. तिथे प्रशिक्षकांनी श्वास रोखू न देण्याचा आग्रह धरला, आणि तो योग्य आहे. ठोसा लागताना तोंडाने छोटा श्वास सोडला की पोटाचे स्नायू आपोआप घट्ट होतात. छातीच्या खालच्या मध्यभागी जोराचा फटका बसला तर श्वासपटल आकुंचन पावून क्षणभर श्वास अडकल्यासारखे होते, ते बहुधा थोड्याच वेळात पूर्ववत होते, ही माहिती आधीच दिल्यामुळे प्रत्यक्ष तसे झालेल्या एका सहाध्यायीची घबराट वाढली नाही. नाकावर फटका बसल्यावर डोळ्यांत येणाऱ्या पाण्याबद्दलही त्यांनी असेच आधी सांगून ठेवले होते. ते पाणी रडण्याचे नसते, ती मज्जातंतूंची प्रतिक्रिया असते. परंतु हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्याच फटक्यानंतर आपण कच्चे निघालो असे समजून खेळ सोडून देऊ शकतो.

माझ्या दृष्टीने या वर्गातील सर्वांत मोलाचा टप्पा म्हणजे केवळ जॅबचे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने तो हाताने बाजूला सारायचा किंवा डोके किंचित हलवून चुकवायचा आणि तत्काळ स्वतःचा जॅब परत द्यायचा. नुसता बचाव करणारा माणूस पुढच्या ठोशाची वाट पाहत राहतो आणि त्या वाट पाहण्यातच त्याची भीती वाढते. उत्तर देण्याची सवय लागली की ठोसा ही आपल्यावर होणारी गोष्ट राहत नाही, ती आपल्या पुढच्या हालचालीची खूण होते. या सरावात मला अनेकदा ठोसे लागले आणि त्यांतील बहुतेकांची दखल मी ते लागून गेल्यानंतर घेतली, कारण तोवर माझा हात उत्तरासाठी निघालेला असे. कोणतेही संरक्षक साहित्य हा बदल घडवू शकेल असे मला वाटत नाही.

डोके चुकवण्याच्या सरावासाठी येथे दोरीला टांगलेली छोटी झुलती पिशवीही वापरतात. अमेरिकी प्रशिक्षक कस डमाटो यांच्या पद्धतीमुळे ही पिशवी विशेष प्रसिद्ध झाली. १९५६ साली एकविसाव्या वर्षी हेवीवेट या सर्वांत जड वजनगटाचा जगज्जेता झालेला फ्लॉइड पॅटरसन आणि १९८६ साली विसाव्या वर्षी ते पद मिळवणारा माइक टायसन, हे दोघेही त्यांनीच घडवले. भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि तिला वापरायला शिकणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे, यावर त्यांचा सतत भर असे. पिशवीचा उपयोग आहे, पण मर्यादित; ती एका लयीत झुलते आणि माणूस तसा कधीच मारत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्पारिंगसाठी १६ औंसांचे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम वजनाचे ग्लोव्ह सक्तीचे आहेत आणि तो नियम काटेकोर पाळला जातो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड प्रत्येकाने स्वतःचा आणायचा असतो. तो नीट बसला की दात मिटून ठेवता येतात आणि तेवढ्यानेही धीर येतो. हेडगार्ड वर्गाकडून मिळते, आणि येथे माझी पहिली तक्रार आहे. सामायिक हेडगार्डांचे पट्टे सैलावलेले असल्यामुळे ठोसा लागताच ते डोळ्यांवर सरकते, म्हणजे ज्या दृष्टीसाठी एवढा सराव केला तीच झाकली जाते. शिवाय हेडगार्ड घातले की डोके सुरक्षित झाले, असा समज येथे कोणी दूर करत नाही. हेडगार्डामुळे कापणे, खरचटणे आणि सूज कमी होते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते रोखू शकत नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून हेडगार्ड अनिवार्य होते, पण २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष गटासाठी ते काढून टाकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविनाच लढले. नवशिक्याने ते अवश्य घालावे, मात्र त्याच्या भरवशावर अधिक जोराचे ठोसे खाऊ नयेत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एका वेळी एकच अनिश्चितता वाढवण्याचे जे पथ्य आरंभी इतक्या निष्ठेने पाळले जाते, ते मोकळ्या स्पारिंगपाशी येऊन एकदम सुटते. जॅबच्या सरावानंतर दोन हात, सर्व ठोसे आणि कोणताही जोडीदार अशी थेट उडी घेतली जाते. जॅब आणि क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), मग त्यात हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), असा एखादा मधला टप्पा सहज ठेवता आला असता. जोड्या वजन किंवा अनुभव पाहून लावल्या जात नाहीत आणि एकच प्रशिक्षक अनेक जोड्यांवर नजर ठेवत असल्यामुळे जोर हळूहळू कसा वाढत गेला हे त्यांच्या लक्षात येत नाही. घाबरलेला नवशिका स्वतःच बहुधा गरजेपेक्षा जोरात मारतो, समोरचा त्याला तसेच उत्तर देतो आणि दोघांनी कमावलेला विश्वास एका फेरीत संपतो. माझ्या तुकडीतील काही जणांनी याच टप्प्यावर येणे थांबवले, आणि त्यांत मला त्यांचा दोष दिसत नाही.

डोक्याला फटका बसल्यावर चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर त्या दिवशी पुन्हा रिंगणात न उतरणे, डॉक्टरांना दाखवणे आणि त्यांच्या परवानगीशिवाय स्पारिंग सुरू न करणे, हा नियम भिंतीवर लिहिलेला असायला हवा; येथे तो तोंडीसुद्धा सांगितला जात नाही. बरे होण्याआधी बसलेला दुसरा फटका फार घातक ठरू शकतो. मी ही गोष्ट प्रशिक्षकांपुढे मांडली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, परंतु वर्गात काही बदल झालेला मी पाहिला नाही.

तरीही जॅबच्या स्पारिंगपर्यंतच्या भागासाठी मी हा वर्ग मनापासून सुचवेन, विशेषतः भीतीमुळे बॉक्सिंगपासून दूर राहिलेल्यांना. प्रवेश घेतानाच मोकळ्या स्पारिंगसाठी जोडीदार कोण ठरवतो हे विचारून घ्यावे, स्वतःच्या मापाचे हेडगार्ड आणावे, आणि फेरी सुरू होण्याआधी किती जोराने खेळायचे हे जोडीदाराशी स्पष्ट बोलून ठरवावे. तो जोर वाढू लागला तर हात वर करून थांबण्याचा अधिकार येथे प्रत्येकाला आहे, आणि तो वापरल्याबद्दल मला कोणी कधी नावे ठेवली नाहीत.