‘त्रेसष्ट’ की ‘साठ तीन’?

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ६३ ला ‘साठ तीन’ असे वाचण्याची नवी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला.

‘त्रेसष्ट’ म्हणताना मूल आधी तीन ऐकते आणि मग साठ, पण लिहिताना मात्र ६ आधी येतो, त्यामुळे ६३ च्या जागी ३६ लिहिले जाणे स्वाभाविक आहे. ‘एकोणऐंशी’ त्याहून अवघड, कारण कानावर ऐंशी पडते आणि लिहायचे असतात ७ आणि ९. ‘साठ तीन’, ‘सत्तर नऊ’ असे वाचल्यास दशक व एकक उच्चारातच वेगळे होतात आणि जोडाक्षरांचा अडसरही कमी होतो. कानडी आणि तेलुगूतही दशकच आधी येतो.

तरीही जुनी नावे टाळून चालणार नाही, कारण बाजारातला भाव आणि आजीचे वय याच शब्दांत मुलाच्या कानी पडते, शिवाय पाढ्यांची लय ‘सात नवे त्रेसष्ट’ याच नादात बसलेली आहे. पुस्तकात दोन्ही वाचने होती, हे वादात झाकोळले गेले. माझ्या मते पहिली ओळख काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे समोर ठेवून नव्या रीतीने करावी, आणि मूल ६३ व ३६ न चुकता लिहू लागले की जुने नाव पक्के करून घ्यावे.