‘पॉवर टाकू का?’ला मी पाच महिने हो म्हणत होतो

पॉवर म्हणजे पंपावरचं ते महागाचं पेट्रोल. त्यात आणि त्याच्या नादात किती गेले तो आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो ऐकून सौ. जे हसल्या ते अजून थांबलेल्या नाहीत. 3,750 रुपये. 2018 ची स्प्लेंडर, तिच्या टाकीत मी पाच महिन्यांत हे पैसे ओतले, आणि गाडीत बिघाड काय होता तर एअर फिल्टर कोंदलेला आणि पुढचा ब्रेक धरून बसलेला.

मी कराडच्या पलीकडे राहतो आणि उंब्रजला नोकरीला जातो. जाऊन-येऊन 48 किलोमीटर. गाडी साठच्या आसपास ॲव्हरेज द्यायची. 2025 च्या पावसाळ्यात ते पन्नासच्याही खाली आलं. त्याच सुमाराला जो तो ई-20 बद्दल बोलत होता. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, गाड्या खराब होणार, रबर विरघळणार, टाकी गंजणार. मोबाईलवर रोज दोन-तीन व्हिडिओ यायचे. गंमत अशी की आमचे थोरले चुलते कारखान्याला ऊस घालतात आणि इथेनॉलमुळे बिल वेळेवर निघेल या आशेवर असतात. म्हणजे घरात एकाच ताटावर बसून एक जण इथेनॉलला आशीर्वाद देतोय आणि दुसरा शिव्या.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांचं दुकान बंद. म्हणून हायवेच्या कडेला नवीन झालेल्या एका गॅरेजमध्ये गेलो. चकचकीत दुकान, भिंतीवर रेसिंगच्या गाड्यांची पोस्टरं. तिथल्या पोराने गाडी चालू केली, रेस दिली, कान लावला आणि डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प होतात तसा गप्प झाला. मग म्हणाला, “साहेब, इथेनॉल आतनं खातंय. साधं पेट्रोल बंद करा. 95 वालं पॉवर टाकत जा, आणि जमलं तर 100 वालं. आकडा जेवढा वर, तेवढी इंजिनाला ताकद.” त्याने कार्बोरेटर ‘ट्यून’ केला, ‘इंजिन डिकार्ब’ नावाचा काहीतरी फवारा मारला, 650 घेतले. आणि एक बाटली दिली. ऑक्टेन बूस्टर, म्हणजे तो 95-100 चा आकडा (त्यालाच ऑक्टेन म्हणतात) वाढवणारं औषध, 380 रुपये, महिन्याला एक.

बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘30 पॉईंट’ लिहिलेलं होतं. मी मनात हिशेब केला, साध्या पेट्रोलचे 91 अधिक 30, म्हणजे 121! विमानाला पण एवढं लागत नसेल. पुढे कळलं की या धंद्यात दहा पॉईंट म्हणजे एक ऑक्टेन. म्हणजे लिहिलेलं सगळं खरं धरलं तरी तीनच आकडे वाढणार. आणि खरं का धरावं? बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती, महिना-वर्ष नव्हतं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही हे छापावं लागतं. मी बँकेत कागद तपासायची नोकरी करतो, तरी पाच बाटल्या घेतल्या आणि एकाही बाटलीचा कागद तपासला नाही.

आता पंपाकडे. पोरगा नळी उचलतानाच विचारतो, “पॉवर ना साहेब?” या ‘ना’मध्ये सगळी कला आहे. पूर्वी मी नको म्हणायचो, आता अभिमानाने मान हलवू लागलो. साधं पेट्रोल तेव्हा 104-105 च्या घरात होतं, हे आठेक रुपयांनी महाग. मला दिवसाला साधारण लिटरभर लागत होतं, म्हणजे महिन्याला दोनशे रुपये जास्त, पाच महिन्यांचे हजार. एकदा पुण्याला गेलो तर तिथे 100 ऑक्टेनचं टाकून घेतलं. इंडियन ऑईलने ते डिसेंबर 2020 मध्ये आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला 160 रुपये होता, यावरून अंदाज करा. ते पैसे वरच्या हिशेबात मी धरलेलेच नाहीत, सौ.ना अजून माहीत नाहीत.

ॲव्हरेज? थोडं वाढल्यासारखं वाटायचं. पैसे जास्त मोजले की गाडी गुळगुळीत चालतेच.

डोळे उघडले ते वेगळ्याच गोष्टीने. एका सकाळी घाईत पंपावर पाचशेचं सांगितलं. एकाने नळी लावली, दुसरा माझ्या बाजूला येऊन कसलं तरी कार्ड दाखवू लागला. “काका, पॉवर टाकणाऱ्यांना पॉईंट मिळतात, मोबाईल नंबर सांगा.” मी त्याच्याकडे वळलो. तेवढ्यात पहिला म्हणाला, “सॉरी साहेब, दोनशेच ऐकलं. अजून तीनशे टाकतो.” मी मान हलवली. थोड्या वेळाने तो म्हणाला, “हे बघा, तीनशे.” पाहिलं, मीटरवर 300 होते. दोनशे आणि तीनशे पाचशे. मोबाईलवरून पाचशे दिले आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तासवडे टोल नाक्याच्या अलीकडे गाडी रिझर्व्हला आली. पाचशेत साडेचार लिटरच्या आसपास येतं, चार दिवस सहज जायला पाहिजेत. रस्त्याच्या कडेला उभा राहून विचार करत होतो आणि एकदम लख्ख दिसलं. त्याने दोनशेवर थांबवलं, पण मीटर शून्यावर आणलंच नाही. दोनशेवरून पुढे चालू केलं आणि तीनशेवर बंद केलं. मला मिळालं तीनशेचं, मोजले पाचशे. मी शून्य बघितलाच नव्हता, कारण मी पॉईंट गोळा करत होतो.

हा डाव जुना आहे, अनेकांना माहीत असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये थांबवून ‘सॉरी’ म्हटलं की पुन्हा नळी जागेवर ठेवायला लावा, मीटर शून्य होऊ द्या, किंवा सरळ तिथेच थांबवा आणि मीटरवर दिसतील तेवढेच पैसे द्या. आणि दुसरा माणूस बोलायला आला की समजा आपली मान फिरवायचं काम चालू आहे. गाडीवरून उतरून मीटरसमोर उभं राहायला काही पैसे पडत नाहीत. शून्याबरोबर दराची ओळही वाचा, नळी साध्याची आहे की महागाची ते तिथेच कळतं. पाचशेऐवजी 510 चं टाका म्हणजे फसवता येत नाही, असं लोक छातीठोक सांगतात. यंत्रातच खोट असेल तर 510 लाही ती तशीच लागू होते. 2017 साली ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्राच्या आत बसवलेल्या चिपा सापडल्या होत्या. असल्या वेळी आकडा बदलून काय होणार? त्यासाठी पाच लिटरचं माप मागायचं. ते प्रत्येक पंपावर असावंच लागतं, वैधमापन खात्याचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेलं. पाच लिटरला 25 मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं, त्याहून कमी भरलं तर तक्रार करायची. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तोही ठेवावा लागतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक.

मी दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो. मॅनेजर आधी “आमच्याकडे असं होत नाही” म्हणाले. मी मोबाईलवरची पाचशे रुपयांची नोंद आणि वेळ दाखवली, यंत्रावरची त्या वेळेची नोंद काढा म्हणालो, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाईनला इथूनच फोन लावतो असंही म्हणालो. कॅबिनमध्ये जाऊन आले आणि दोनशे रुपये हातावर ठेवले. माफी वगैरे नाही, “नवीन पोरगा आहे” एवढंच. तो पोरगा मी चार वर्षं बघतोय. (हे दोनशे वरच्या हिशेबात तसेच आहेत. परत मिळाले म्हणून गेलेच नव्हते असं मी मानत नाही.) बिल मात्र मी एकदाही घेतलेलं नव्हतं. मोबाईलवरून पैसे दिले म्हणून तेवढा तरी पुरावा राहिला, रोख दिले असते तर मलाच खोटं पाडलं असतं.

तोवर मिस्त्री काठी टेकत दुकानात येऊ लागले होते. गाडी नेली, सगळी कहाणी सांगितली, बाटलीही दाखवली. त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि एकच विचारलं. “पुण्याहून येताना खंबाटकी चढताना इंजिनात खडे वाजतात का?”

“म्हणजे?”

“डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज. वरच्या गिअरमध्ये, लोड आल्यावर.”

“नाही.”

“मग तुमचं भांडण ऑक्टेनशी नाहीच.”

मग त्यांनी जे समजावलं ते मला पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पिस्टन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. जास्त दाबलं की काही पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता आपलं आपणच पेटतं, तोच तो खड्यांचा आवाज. ऑक्टेनचा आकडा पेट्रोल किती दम धरतं ते सांगतो. ताकद किती, ते सांगत नाही. जितकं जास्त दाबणारं इंजिन, तितकं दमाचं पेट्रोल. यामाहाच्या आर15 मध्ये मिश्रण 11.6 पट दाबलं जातं, तिथे या गोष्टीला अर्थ आहे. बुलेटवाल्यांच्या क्लासिक 350 मध्ये फक्त साडेनऊ पट, आणि आमची स्प्लेंडरही दहाच्याच घरातली. तिला 100 ऑक्टेन पाजणं म्हणजे बैलगाडीला टोलचा पास काढणं. हे वाक्य मिस्त्रींचं आहे, माझं नाही.

कुठलं पेट्रोल लागतं ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. माझं पुस्तक सात वर्षं आरसी बुकाच्या प्लास्टिकमध्ये होतं, अजून घडीही मोडलेली नव्हती.

आणि खरी चपराक पुढे आहे. आपल्याकडे साधं पेट्रोल पूर्वी 88 ऑक्टेनचं होतं, नंतर 91 चं झालं. ज्या इथेनॉलला घाबरून मी 95 वालं घेत होतो, त्या इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या वर आहे. त्यामुळे 20 टक्के मिसळल्यावर साधं पेट्रोलच 95 ला जातं, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलेलं आहे. म्हणजे साध्या नळीतून जे 95 येत होतं, तेच मी शेजारच्या नळीतून आठ रुपये जास्त देऊन घेत होतो. न्याय म्हणून सांगतो, महागाच्या पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं घातलेली असतात, ते सगळंच थोतांड नाही. पण मला ते ‘इथेनॉलवर उतारा’ म्हणून विकलं गेलं होतं, आणि महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं असा काही नियम नाही.

इथेनॉलची भीती अगदीच खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाक्यांसाठी तीन ते चार टक्के घट धरलेली आहे. साठाच्या गाडीला ते दोन-अडीच किलोमीटर झाले. माझे बारा गेले होते. हा साधा भागाकार मी बँकेत बसून करू शकलो असतो. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये आणि टाकीच्या झाकणाचं रबर, पेट्रोलचे पाईप बघत राहावेत, असं मिस्त्री म्हणाले. पण यातल्या कशालाच ऑक्टेनची बाटली उपाय नाही.

त्यांनी एअर फिल्टर काढला, त्यात वीटभट्टीवर असते तेवढी धूळ. पुढचं चाक उचलून फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं, लायनर ड्रमला घासत होते. दोन्ही चाकांत हवा कमी. त्या नव्या गॅरेजवाल्याने ‘ट्यून’ करताना मिश्रण उगाच जास्त पेट्रोलचं केलेलं, म्हणून प्लग काळाकुट्ट. सगळं मिळून 420 रुपये झाले. आठवड्यात ॲव्हरेज 57 वर आलं, साध्या पेट्रोलवर.

गॅरेजवाल्याकडेही गेलो होतो. “तुम्ही बाटली नीट मिसळली नसेल,” म्हणाला. बिल दाखवा म्हणाला. बिल कुठे होतं? तक्रार करायची तर हातात त्या बिनपत्त्याच्या बाटलीशिवाय काहीच नाही. पंपावरून दोनशे सुटले, तिथून एक रुपया सुटला नाही. त्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा नवी कोरी शंभर सीसीची गाडी घेऊन उभा होता आणि काउंटरवर तीच बाटली होती. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही, तो आधीच पैसे मोजत होता.

परवा पंपावर पुन्हा तोच पोरगा. “पॉवर ना साहेब?” मी म्हटलं, साधं, तीनशेचं, आणि आधी शून्य दाखव. त्याने दाखवला, जरा तोंड वाकडं करून.

पाचवी बाटली अर्धी उरली होती. मिस्त्री म्हणाले, रॉकेल हल्ली मिळत नाही, चेन धुवायला बरी आहे. घेऊन गेले.