गरोदरपणात बेड रेस्ट की बेताची हालचाल?
‘पडूनच राहा’ हा सल्ला मायेपोटी येतो, पण हाडांना तो मानवत नाही. शरीराचा भार पेलला तरच हाडं मजबूत राहतात. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की ती झिजू लागतात. त्यातच बाळाच्या हाडांसाठी सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम आईकडूनच जातं, बहुतेक शेवटच्या 3 महिन्यांत. माझी वहिनी दीड महिना पडून होती. नंतर जिना चढताना कठडा घट्ट धरायची, पाय लटपटायचे.

याउलट, घरातली हलकी कामं, सकाळच्या उन्हात फेरी यांनी हाडं-स्नायू टिकतात. फक्त अकाली प्रसूती टळावी म्हणून सरसकट बेड रेस्ट देऊ नये, असं अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. रक्तस्राव होत असेल तर मात्र डॉक्टरांचंच ऐका. आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका.