दाभोळ-धोपावे फेरी: पावसाळा धरून वापरल्यानंतर

दापोलीहून गुहागर तालुक्यातल्या मेडिकल दुकानांना औषधं पोचवतो. मागच्या दिवाळीपासून छोटा टेम्पो दाभोळच्या धक्क्यावरूनच, खाडीपलीकडे धोपाव्याला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने नेतोय. फेरी नसेल तर खेड, चिपळूण असा वळसा, त्यात अर्धा दिवस जातो. इन्सुलिनचा बर्फाचा डबा गाडीत असताना हा फरक फार मोठा.

सुवर्णदुर्ग शिपिंगने ही फेरी २००३ साली सुरू केली. बोटीबद्दल माझी तक्रार नाही. खलाशी गाड्या लावून घेण्यात तरबेज आहेत. माझ्यासारख्या रोजच्या माणसाला खरा प्रश्न असतो पाण्याचा, म्हणजे गाड्या चढवायची बोटीची फळी धक्क्याच्या उतरणीवर नेमकी कुठे टेकते याचा. भरतीला गाडी जवळजवळ सपाट चढते. ओहोटीला उतरण लांब होते, खालचा भाग शेवाळलेला असतो आणि फळीशी मोठा चढ तयार होतो. बुटक्या गाड्यांचं बूड तिथेच घासतं. भरलेल्या टेम्पोचं मागचं चाकही एक-दोनदा जागच्या जागी फिरलंय.

म्हणून आता निघण्याआधी कालनिर्णय बघतो. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी अगदी तळाला, आणि उधाण असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच खाली. परतीचे सगळे नेमके त्याच वेळी येतात. त्या दोन दिवसांत मी दुपारीच परततो. बाहेरून येणाऱ्यांनीही हे बघून यावं. किती मिनिटांनी बोट आहे हे विचारण्यापेक्षा ते उपयोगाचं आहे.

पावसाळ्यात या खाडीला मिळणारी वाशिष्ठी नदी लाल होऊन येते, ओंडके वाहत येतात. ओहोटी आणि पूर एकाच दिशेने ओढत असतात, तेव्हा बोट तिरकी धरून न्यावी लागते आणि वेळ लागतो. वारं फार असेल तर फेरी थांबते, थांबायलाच हवी. अशा दिवशी मी दाभोळला उतरण्याआधी फोन करून विचारतो.

रेवस-रेडी या किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गावर दाभोळ खाडीवरही पूल नियोजित आहे. टेम्पोसाठी मला तो हवाच आहे. पण फेरीवर गाड्यांइतकीच पायी माणसं असतात: बाजाराला आलेल्या बायका, शाळेची मुलं, माशांच्या टोपल्या. धक्क्यावर उतरलं की दाभोळचा बाजार चालत गाठता येतो. पूल झाला तरी या माणसांसाठी धक्का चालू राहिला पाहिजे, आणि शेवाळ काढून उतरण खरबरीत ठेवण्याचं काम दर पावसाळ्यानंतर व्हायला हवं. डोक्यावर टोपली घेऊन ओहोटीला चढणाऱ्या बाईसाठी ते माझ्या टेम्पोपेक्षा जास्त गरजेचं आहे.