पेल्व्हिक फ्लोअर शिकवण्यासाठी घेतलेले मॉडेल : एक परीक्षण

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या विभागाने मागवलेले, सुटे भाग काढता येणारे स्त्रीच्या कटिराचे (ओटीपोटाच्या खालच्या हाडांच्या भागाचे) हे मॉडेल आता नियमित वापरात असून त्याची खरी गुणवत्ता पेल्व्हिक फ्लोअर, म्हणजे कटिराचा तळ, मुख्यतः ज्याने बनतो त्या लेव्हेटर एनाय या स्नायुसमूहाच्या मांडणीत दिसते. पुस्तकातील सपाट आकृतीवरून या समूहाची खोली कळत नाही. येथे मात्र मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय एकेक करून काढले, की प्युबोरेक्टॅलिस हा त्यातील स्नायू जघनास्थीच्या मागील बाजूपासून निघून गुदाशय व गुदमार्ग यांच्या संधिस्थानाला मागून कसा वळसा घालतो आणि त्याच्या ओढीमुळे एरवी तेथे सुमारे ९० अंशांचा कोन कसा टिकतो, हे विद्यार्थ्यांना बोट फिरवून समजते. कटिराच्या बाजूच्या भिंतीवरील ऑब्च्युरेटर इंटर्नस या स्नायूवरच्या ज्या तंतुमय कमानीपासून याच समूहातील इलिओकॉक्सिजियस हा स्नायू सुरू होतो, तीही ठसठशीत उठवलेली आहे.

मज्जातंतूंच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी निराशा केली आहे. प्युडेंडल मज्जातंतू इस्चियल स्पाइन या कटिराच्या हाडावरील काट्याजवळ सेक्रोस्पायनस अस्थिबंधाच्या मागून वळतो. या मॉडेलमध्ये मात्र तो अस्थिबंधाच्या पुढून रंगवला आहे. प्रसूतीच्या वेळी प्युडेंडल ब्लॉक, म्हणजे हा मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, देताना डॉक्टर हाच काटा बोटाने चाचपून खूण ठरवतात, हे लक्षात घेता ही चूक किरकोळ मानता येत नाही. चुंबकी जोड पक्के आहेत, रंगही टिकाऊ वाटतात.

बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नसल्याचे संकोचाने सांगणाऱ्या स्त्रियांना नेमका कोणता स्नायू आवळायचा, हे या मॉडेलवर फार चांगले दाखवता येते, आणि केवळ त्यासाठीही ते घेण्यासारखे आहे.