गोळी, मशीन की झोपेची शिस्त?

तोंडाच्या कॅन्सरवरचा शेवटचा शेक (रेडिएशन) घेऊन चार महिने झाले तरी आमचे अण्णा रात्री दोनला उठून ओट्यावर बसायचे. गालाची जखम भरली होती, मऊ भात जात होता, झोप मात्र परतली नव्हती. सोलापुरात तंबाखू-सुपारीच्या माव्याने हे दुखणं गल्लोगल्ली पोचवलंय, त्यामुळे सल्ला देणारेही पुष्कळ. आम्ही तीन वाटा पाहिल्या.

झोपेची गोळी स्वस्त आणि त्याच रात्री गुण देणारी. डॉक्टरांनी थोडे दिवस म्हणून दिली तर हरकत नाही. पण तोंड-घशाच्या पेशंटला तिच्यात एक गोम आहे. ऑपरेशन आणि रेडिएशनने घसा आधीच सुजलेला, आखडलेला असतो. अल्प्राझोलमसारखी गोळी स्नायू ढिले करते, आणि झोपेत श्वास अडत असेल तर तो जास्त अडतो. सोबत दुखण्यासाठी ट्रामाडोल किंवा मॉर्फिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. शेजाऱ्यांकडची उरलेली पट्टी आणून देणाऱ्यांना आम्ही हात जोडले.

दुसरी वाट स्लीप स्टडीची. नाकाला, छातीला, बोटाला सेन्सर लावून रात्रभर नोंद घेतात. साधी तपासणी घरीही होते. तासाला श्वास ५ पेक्षा कमी वेळा अडला तर ठीक, ३० च्या वर गेला तर गंभीर. या उपचारांनंतर श्वास अडण्याचा त्रास बऱ्याच जणांत निघतो, आणि घरचे त्याला ‘थकवा आहे, घोरू दे’ म्हणून सोडून देतात. त्रास निघाला तर सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवणारं यंत्र. इथे खरी अडचण सुरू होते. जबड्याचं हाड काढलेलं असेल, गालावर मांडीचं कातडं लावलेलं असेल तर मास्क नीट बसत नाही, हवा गळते. लाळ कमी झालेलं तोंड त्या हवेने आणखी सुकतं. म्हणून हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरशिवाय मशीन घेऊ नका, आणि जमलं तर आधी भाड्याने वापरून बघा. जबडा पुढे ओढणारी दातांची पट्टी मशीनपेक्षा सोयीची वाटते. पण ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्याला ती बसवणार कशी?

तिसरी वाट शिस्तीची, म्हणजे सीबीटी-आय: झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारा, गोळीशिवायचा उपचार. साधारण ४ ते ८ बैठका. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपाय सांगितला. उठायची वेळ ठरलेली, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि दुपारची झोप बंद. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी झोपू नका म्हणणं सोपं नाही! पहिले काही दिवस पेंग येते, म्हणून यंत्रमागावर किंवा रिक्षावर परतलेल्या माणसाने ते दिवस सुट्टीतच काढावेत. नळीवाटे खाणाऱ्या, अंगात ताकद नसलेल्या पेशंटला आत्ताच यात ओढू नये.

माझं मत: घोरणं, गुदमरून उठणं, दिवसा डुलक्या, यातलं काही असेल तर आधी तपासणी. नुसते विचार आणि भीती जागवत असतील तर शिस्त. गोळी या दोन्हींच्या मागे.

पण याही आधी एक रक्ततपासणी करा, थायरॉइडची टीएसएच. मानेवर शेक घेतलेल्यांचं थायरॉइड पुढे मंदावू शकतं. ती तपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी करायचीच असते. थकवा, सुस्ती, घोरणं यामागे तेच निघू शकतं. झोप उडवणारं स्टेरॉइड चालू असेल तर त्याची वेळ सकाळची करता येईल का, तेही विचारा.

खोलीबद्दल थोडं. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात कोरड्या तोंडाच्या माणसाला एसीपेक्षा कूलर बरा, हवेत ओल राहते. फक्त पाणी रोज बदला. पावसाळ्यात तो उपयोगाचा नाही. उशाशी पाण्याचा तांब्या, घोट-घोट. गोड गोळ्या चघळू नका, शेकानंतर दात लवकर किडतात. डोक्याकडची बाजू उंच केली की सकाळची मानेची सूज कमी होते.

आईने एका रात्री अण्णांच्या घोरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. मध्येच आवाज बंद, आणि मग दचकून घेतलेला श्वास. डॉक्टरांनी तो पाहिला आणि गोळीचं नावही न काढता तपासणीची तारीख लिहून दिली.