इन्सुलिन: सिरिंज घ्यावी की पेन?

जिंतूरच्या मावशींना डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय. मुलगा विचारतोय, बाटली-सिरिंज की पेन?

खर्चात बाटली स्वस्त. पेनाच्या सुयाही वेगळ्या घ्याव्या लागतात.

खरा फरक डोसमध्ये आहे. आपल्याकडे बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनाच्या कार्ट्रिजमध्ये 100. म्हणून 40च्या बाटलीला लाल टोपणाची 40चीच सिरिंज हवी. त्याच सिरिंजने कार्ट्रिजमधून औषध ओढलं तर अडीचपट डोस जाईल, साखर एकदम उतरून जिवावर बेतेल. पेनात हा हिशोब नाही. 1985 साली पहिलं पेन आलं ते याच सोयीसाठी: आकडा फिरवायचा, टोचायचं, दहापर्यंत मोजून सुई काढायची.

मराठवाड्याचं ऊन दोघांनाही सारखंच बाधतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. वापरातलं 30 अंशांखाली ठेवावं. वीज गेली तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं खरंच कामी येतं.

नजर चांगली, हात स्थिर आणि पैशाची ओढाताण असेल तर सिरिंज पुरेशी आहे. मावशींना बारीक रेघा दिसत नाहीत आणि दुपारी घरी कुणी नसतं, त्यांच्यासाठी पेनच घ्या.